दयाळ डावीकडे, माकड उजवीकडे

सर गल्लीच्या तोंडाशी दिसले की माझी बायको जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकायची. पाहुण्याचा मान म्हणून नव्हे, टेबल वाचावं म्हणून. सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक खडू असायचा आणि समोर सपाट काही दिसलं की ते त्यावर उभी रेघ ओढायचे. रेघेच्या डावीकडे दयाळ, उजवीकडे माकड. मग एकाखाली एक: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल आणि सगळ्यात शेवटी स्थिती. चहा येईपर्यंत निम्मा तक्ता व्हायचा, चहा गार होईपर्यंत पुरा. चादरीवर खडू उठत नाही हे कळल्यावर ते खुर्चीच्या पाठीवर लिहायला लागले. बायकोनं हात टेकले.

"त्यांना सांगा ना एकदा," ती म्हणायची.

मी सांगतो म्हणायचो आणि सांगायचो नाही. एकदा मी घरात नाही असं मुलीकडून सांगवलं, तर सर म्हणाले, "हरकत नाही, तू ऐक," आणि तिला पायरीवर बसवून पूर्ण तक्ता शिकवला. मी आतल्या खोलीत दारामागं उभा राहून सगळं ऐकलं. पुढं आठवडाभर मुलीच्या नजरेला नजर द्यायला मला लाज वाटत होती.

पाथर्डीच्या ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागेवर लागलेला मास्तर. आज मी त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांनीच बरणीत घालून ठेवलेल्या सापासमोर उभा राहून शिकवतो आणि त्यांची खुर्ची आपण घेतली असं मला आत कुठंतरी सारखं वाटत राहतं. त्यांना तसं कधी वाटलं नाही. मी त्यांचा फळा सांभाळतोय एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून निवृत्तीनंतरही ते मधल्या सुट्टीत यायचे, फळ्यावर काय आहे ते बघायचे आणि एखादी वेलांटी पुसून नीट काढून जायचे.

त्यांच्या प्रत्येक पेपरात एक प्रश्न ठरलेला होता. 'दयाळ पक्षी आणि माकड यांची वर्गीकरण व संवर्धन स्थिती या दृष्टींनी तुलना करा.' चाचणी असो, सहामाही असो, तो प्रश्न असायचाच. नव्या मुलांना जुनी मुलं तो प्रवेशाच्या दिवशीच सांगून टाकायची. स्टँडवर एक कंडक्टर त्यांचा विद्यार्थी होता, सर गाडीत चढले की तो तिकिटाआधी म्हणायचा, "वर्ग पक्षी, वर्ग सस्तन. बसा सर, खिडकी धरा."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, हेच दोन का? मला वाटलं, काहीतरी खोल सांगतील. ते म्हणाले, "पहिला पेपर काढत होतो तेव्हा खिडकीत दोघं बसले होते."

कुणाबद्दल काही बोलायला गेलं की ते हात वर करायचे. "आधी वर्ग, मग गण, मग तक्रार." शेजाऱ्यानं बांध कोरला, सुनेनं उलट उत्तर दिलं, काहीही असो. माणूस कोणत्या गणात येतो हे समोरच्यानं सांगितल्याशिवाय ते पुढचं ऐकायचे नाहीत. नरवानर गण. माकडाचाच. एवढं म्हणून घेतल्यावर तक्रार करणाऱ्याचा जोरच जायचा.

तक्त्यातला शेवटचा रकाना म्हणजे स्थिती. कोणत्या प्राण्याची जात जगातून कमी होत चालली आहे आणि कोणाची नाही याची जगभरचे जाणकार मिळून एक यादी ठेवतात. तिच्यातली इंग्रजी नावं सरांना वर्गात आवडायची नाहीत. ज्याची काळजी नाही तो 'बिनघोर' आणि ज्याची आहे त्याचा 'घोर'. उत्तराची शेवटची ओळ वर्षानुवर्षं एकच होती: दोघंही बिनघोर. तिला एक मार्क होता आणि तो सगळ्यांना मिळायचा. ज्याला बाकी काहीच यायचं नाही तोसुद्धा ती ओळ लिहून यायचा.

त्या ओळीवर मीच पाणी ओतलं. दोनेक वर्षांपूर्वी मोबाईलवर काहीतरी बघत असताना मला दिसलं की यादी बदलली आहे. आपल्याकडचं तांबड्या तोंडाचं माकड, जे आपला भाग आणि दक्षिण भारत सोडून कुठंच मिळत नाही, ते आता धोक्याच्या रकान्यात गेलं होतं. आणि दयाळ, जो आम्ही कस्तुर पक्ष्यांच्या कुळात पाठ केला होता, तो शास्त्रज्ञांनी केव्हाच माशीमार पक्ष्यांच्या कुळात हलवला होता. मला वाटलं सरांना गंमत वाटेल. खरं सांगायचं तर त्यांना माहीत नसलेलं काहीतरी मला माहीत आहे याचाही थोडा आनंद होता.

सरांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, दोनदा वाचलं. मग खडू खिशातून काढला, त्याच्याकडं बघितलं आणि परत ठेवला. तसेच उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मफलर गुंडाळून आमच्या दारात उभे.

"गाडी काढ."

"कुठं जायचंय, सर?"

"सगळीकडे. मी चुकीचं शिकवलंय."

मी म्हणालो, तुम्ही शिकवलं तेव्हा ते बरोबरच होतं. ते म्हणाले, तेव्हा बरोबर होतं, पण पोरांच्या डोक्यात ते अजून तसंच असेल. मी वैतागून बोलून गेलो, "सर, कुणाच्या डोक्यात काही राहिलेलं नाही." त्यांचा चेहरा असा उतरला की मी गुपचूप चावी घेतली. माझ्या बहुतेक चांगल्या कामांची सुरुवात अशीच होते. आधी मी कुणाला तरी दुखावतो.

मग सुट्टीच्या दिवशी आमचे दौरे सुरू झाले. घोडेगावच्या बाजारात त्यांचा एक विद्यार्थी म्हशींचा व्यापार करतो. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा सौदा ऐन रंगात होता. त्याचा आणि गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली, बोटांनी भाव चाललेला, दोघांचे चेहरे दगडासारखे. अशा वेळी सख्खा बापसुद्धा मध्ये बोलत नाही. सरांनी शेजारच्या टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर रेघ ओढली आणि मोठ्यानं सुरू केलं की दयाळचं कुळ बदललंय आणि माकड आता बिनघोर राहिलेलं नाही, घोर आहे.

गिऱ्हाइकानं उपरण्यातून हात काढून घेतला. "ह्यो म्हातारा कशाचा घोर सांगतोय? म्हशीत खोट हाय का काय?"

"म्हशीत न्हाई वं, माकडात," व्यापारी म्हणाला. त्यानं ते आणखीच बिघडलं. गिऱ्हाईक गेलं. व्यापारी बिचारा सरांच्या पाया पडला, आम्हाला चहा पाजला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या बारीला फोन करा. मी सोता येतो पाथर्डीला." मी त्याची इतक्यांदा माफी मागितली की शेवटी तोच कंटाळला.

देवळाली प्रवरेला एक विद्यार्थिनी होती. चांगल्या बागाईतदाराच्या घरात पडलेली, दारात ट्रॅक्टर, मागं ऊस. पाथर्डीहून मोटारसायकलवर तिथवर जाताना माझं बूड बधिर झालं होतं आणि सर मागं बसून सबंध वाटेत पुढचा विद्यार्थी कुठल्या गावात हे सांगत होते. तिनं आम्हाला जेवायला वाढलं, दुरुस्ती शांतपणे ऐकून घेतली आणि पदर सावरत विचारलं, "सर, मग माझा तो एक मार्क गेला का?"

ती चेष्टा करत होती. सरांनी मात्र घास खाली ठेवला.

"तुझा नाही," ते म्हणाले. "माझा गेला."

येताना त्यांनी पुढच्या विद्यार्थ्याचं गाव काढलं नाही. मला वाटलं, आता थांबतील. घराशी उतरताना म्हणाले, "तुझा भाऊ राहिलाय."

माझ्या भावाचं मला आधी सांगायला हवं. आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावचे. दादाही सरांच्या हाताखाली अकरावी शिकला. मग वडील गेले, दादानं कॉलेज सोडलं, कोयता धरला आणि माझं शिक्षण केलं. आजही दिवाळी झाली की दादा आणि वहिनी ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. मी पगारी मास्तर, पंख्याखाली बसणारा. तो मला थट्टेनं परफेसर म्हणतो आणि प्रत्येक वेळी मला ते लागतं.

दिवाळीनंतर आमचं गाव निम्मं रिकामं होतं. दारांना कुलपं, मागं म्हातारी माणसं. मग डोंगरातली माकडं खाली उतरतात. माणसांची वर्दळ असते तेव्हा ती मारुतीच्या देवळापाशी, चिंचेवर असतात. गाव गेलं की पत्र्यांवर, ओट्यांवर, चुलीपाशी येतात. आई गावीच राहते. माझ्याकडं येत नाही. दुसऱ्या मजल्यावर कोंडल्यासारखं होतं असं ती म्हणते. मीही फार आग्रह केलेला नाही. आमच्या या दौऱ्यांच्या आदल्या हंगामात एका मोठ्या नरानं तिच्या हातातली भाकरी हिसकावली. ती मागं सरली, पायरी चुकली आणि मनगट मोडलं. दादा तिकडं उसाच्या फडात, मी इकडं अर्ध्या तासाच्या वाटेवर. शेजारणीनं फोन केला तो दादाला.

म्हणून दादानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "औंदा आमी जायच्या आदी माकडं उचलायची. परवानगी, पिंजरं, जे लागंल ते. तू शिकलेला हायस, तेवढं बघ."

मी बघितलं. अर्ज दिले, हेलपाटे घातले, ठरावीक मुदतीची परवानगी मिळवली. माकडं पकडणारा माणूस शोधला. तो पिंजरे लावून माकडं धरायचा आणि घाटापलीकडच्या जंगलात सोडून यायचा. आयुष्यात पहिल्यांदा दादाचं काहीतरी फेडतोय असं मला वाटत होतं. सरांना यातलं मी काही कळू दिलं नाही. माकडाचा घोर लागलेल्या माणसाला ते कसं सांगणार?

पिंजरे घेऊन टेम्पो गावात शिरला त्याच सकाळी तो भाकरी हिसकावणारा नर विजेच्या डीपीवर चढला आणि शॉक बसून खाली पडला.

आमच्याकडं माकड मेलं की ते माकड राहत नाही. पंधरा मिनिटांत देवळाची घंटा झाली. टाळ-मृदंग आले, ट्रॅक्टरची ट्रॉली धुऊन तिला झेंडूच्या माळा लागल्या. काल ज्यांच्या हातात गोफण होती तीच माणसं गुलाल उधळत ट्रॉलीमागं चालत होती. देवळामागं खड्डा घेतला. आणि गावानं ठरवलं की रीतीप्रमाणं दहावा होईपर्यंत सुतक. सुतकात पिंजरे लागणार नाहीत.

मी दादाला बाजूला ओढलं. "अरे, आईचा हात यानंच मोडला. काल तू याला दगड मारत होतास."

"काल जित्तं हुतं," दादा म्हणाला.

पिंजरेवाला टेम्पोच्या सावलीत बसून चहा पीत होता. त्याला याची सवय असावी. "असं लई ठिकानी हुतं, गुरुजी," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पिंजरे घेऊन त्याच्या पुढच्या गावाला गेला. दहावा होईपर्यंत परवानगीची मुदत संपत होती आणि दहाव्यानंतर दोनच दिवसांनी ऊसतोडीची गाडी येणार होती. दादानं मात्र डोकं केलं, मिशी काढली. आईसुद्धा म्हणाली, "आसू दे. बिचारं भुकेलं हुतं." ज्यांच्यासाठी मी धावपळ केली होती त्या सगळ्यांनी मिळून ती मातीत घातली, आणि रागावायला माझ्यासमोर कुणी उरलं नाही.

दहाव्याला मी पोचलो तेव्हा सर माझ्याआधी तिथं होते. त्या कंडक्टरनं त्यांना बातमीही दिली होती आणि खिडकीची जागाही. देवळासमोर मांडव, मांडवाच्या तोंडाशी तरुण मंडळाचा भला मोठा फ्लेक्स: 'मारुतीराया यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली मंडळाच्या पोरांचे फोटो, वर मधोमध मयताचा. आणि सर त्या फ्लेक्ससमोर हाताची घडी घालून उभे.

फोटो काळ्या तोंडाच्या वानराचा होता. लांब शेपटीचं, रुबाबदार वानर, कुठल्यातरी किल्ल्याच्या बुरुजावर बसलेलं. फ्लेक्सवाल्यानं मोबाईलवरून मिळेल तो उतरवून छापला होता. मेलं होतं ते तांबड्या तोंडाचं माकड. दहा दिवस सगळं गाव त्या फोटोला हार घालत होतं आणि ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी जीवशास्त्र शिकवतो.

"हा तो नव्हे," सर मंडळाच्या अध्यक्षाला म्हणाले.

"सर, देवच ना शेवटी."

"देव असू दे. फोटो दुसऱ्याचा आहे. तुझ्या आज्याच्या दहाव्याला मी माझ्या आज्याचा फोटो लावला तर चालेल का तुला?"

अध्यक्ष मान वर करून फोटोकडं बघायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "सरांचा आज्या दिसायला बरा असंल तर चालंल की." आजूबाजूची टक्कल केलेली डोकी हलली. मी सरांच्या बाहीला धरून त्यांना मागं ओढत होतो. मला एवढंच हवं होतं की कार्यक्रम संपावा, सरांना गाडीवर घालावं आणि न्यावं.

पण आमच्या भागात दहाव्याला माईक असतोच, आणि माईक आला की दोन शब्द आलेच. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. दोघांनीही मयताचा स्वभाव मनमिळाऊ होता असं सांगितलं. मग सूत्रसंचालकानं सरांकडं बघितलं आणि म्हणाला की आपल्या गावातल्या कितीतरी पोरांना घडवणारे गुरुवर्य आज आपल्यात आहेत.

सर उठले. माईककडं न जाता ते आधी मांडवाशेजारी उभ्या ट्रॉलीपाशी गेले, खडू काढला आणि फाळक्यावर उभी रेघ ओढली. मी डोळे मिटून घेतले.

"डावीकडे दयाळ," सरांचा आवाज आला. "उजवीकडे माकड. मयत उजवीकडचं आहे."

कुणी हसलं नाही. मी डोळे उघडले. माणसं हात जोडून बसली होती, दहाव्याला बसतात तशीच. सर एकेक रकाना भरत गेले. वर्ग पक्षी, वर्ग सस्तन. खालून दोनचार पुरुषांचे आवाज आपोआप त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागले. गण आला तेव्हा दादाचाही आवाज त्यात होता. कुळापाशी ते थांबले आणि म्हणाले की दयाळ कस्तुरांच्या कुळातून माशीमारांच्या कुळात गेला आहे. त्याला ते माहीत नाही, तो पूर्वीसारखाच गातो. घर आपण कागदावर बदललं. माकडाचं कुळ तेच राहिलं. पण शेवटचा रकाना बदलला.

"मी तुम्हाला दोघंही बिनघोर शिकवलं. ते आता खरं नाही. मयताच्या जातीचा घोर आहे. दुरुस्ती करून घ्या."

"पन सर," मागून एक म्हातारा म्हणाला, "हितं तर लई झालीत की."

सर खडू बोटांत फिरवत राहिले. "हो, दिसतात खरी," ते म्हणाले. "मला ते सांगता येणार नाही. मी दुसऱ्यांनी केलेली यादी वाचून शिकवलं. यांच्याकडं कधी नीट बघत बसलो नाही." आणि नमस्कार करून खाली बसले. माझ्या माहितीतलं सगळ्यात लहान भाषण आणि सगळ्यात जास्त लाज आणणारं. जेवणं झाल्यावर लोक मला येऊन सांगत होते की सर छान बोलले.

संध्याकाळी पंगत उठल्यावर दादा, मी आणि सर देवळाच्या पायरीवर बसलो. दादा आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत होता. "परवा गाडी येनार," तो म्हणाला. "आईपाशी कोन?"

त्यानं ते कुणालाच उद्देशून विचारलं नव्हतं, म्हणजे मला विचारलं होतं. माझ्या मनात सगळी उत्तरं तयार होती. परीक्षा जवळ आल्यात, मुलीचं दहावीचं वर्ष आहे, बायकोची पाठ धरते, आई वरती येत नाही. सगळी खरी होती. मी माझ्या पायांच्या बोटांकडं बघत होतो.

"मी थांबतो," सर म्हणाले.

मी म्हणालो, "सर, काहीतरीच काय."

"काहीतरी नाही. इथं भरपूर आहेत म्हणतात. यादी म्हणते घोर आहे. मला बघायचंय. पडवी आहे ना तुमची?"

त्यांनी आईचं नावही घेतलं नाही. त्यांना माकडं बघायची होती. दादानं त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं; मी नाही म्हणतोय का याची जरा वाट बघितली. मी नाही म्हटलं नाही.

तो हंगाम मी कधी विसरणार नाही, कारण रोज आईचा फोन यायचा.

"तुझ्या मास्तरला घेऊन जा. माकडं परवडली."

मग तिचं गाऱ्हाणं सुरू व्हायचं: दारावर रेघा, कणगीवर रेघा, जात्यावरसुद्धा रेघ. दगड उचलला की म्हणतात, थांबा आक्का, तो कोणता आहे ते बघू द्या. तंवर माकाड पसार. भाकरी चुलीपुढं खाऊ देत न्हाईत, आत बसवत्यात. दुपारी कडी घालत्यात, जिवाची तलखी होती. सोता केलेली भाजी कुत्रं खाईना. आणि चोवीस तास तोंड चालू. मी म्हणायचो, आई, मी रविवारी येतो. रविवारी फळं घेऊन जायचो. सर पडवीत पाय पसरून पत्र्याकडं बघत बसलेले असायचे, शेजारी काठी. मला बघितल्यावर उठायचेही नाहीत. मी आईजवळ बसायचो, तिच्या मनगटाकडं बघायचो, सर त्रास देतात का विचारायचो. ती तासभर त्यांना शिव्या द्यायची. मग मी चहा घेऊन निघायचो.

पाडव्याला दादा परत आला. आई धडधाकट होती, सर मात्र वाळले होते. दादानं बोचकी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "काय सर, झाली का माकडं कमी?"

"तुमच्या गावात वाढली," सर म्हणाले.

"मंग यादी खोटी."

"तुझ्या गावात आता सहा महिने माणूस दिसत नाही. म्हणून माणूस संपला म्हणायचं का? ती रानातून उठून तुमच्या पत्र्यावर आलीत. इथं वाढली आणि तिकडं गेली, दोन्ही खरं." मग म्हणाले, "मला एवढंच दिसलं. बाकीचं अजून बघायचंय."

दादा घागरीतलं पाणी घटाघटा प्यायला. त्या उन्हाळ्यात सर पाथर्डीला आले, माझ्या फळ्यावरच्या वेलांट्या दुरुस्त करत फिरले आणि बायकोनं पुन्हा चादर बाहेर काढली.

यंदा दिवाळी आली तेव्हा पिंजऱ्यांच्या परवानगीसाठी मी पुन्हा अर्ज केला नव्हता. का, ते मला नीट सांगता येत नाही. आळस म्हणा, सरांची भीती म्हणा. हे दादाला कसं सांगावं या विचारात मी आठ दिवस झोपलो नाही, आणि ठरवून टाकलं की या वेळी आईला घेऊनच यायचं. काही झालं तरी. तसं मी आईसमोर, दादासमोर बोललोही.

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मास्तर येनार हायेत का?"

"आई, तूच म्हणायचीस ना, माकडं परवडली."

"म्हनते की. आजून म्हनते." तिनं एक खडा काढून अंगणात टाकला. "तू येतूस, वाईट तोंड करून बसतूस, च्या पेतूस आन जातूस. त्यो डोकं खातो. पर दार लावतो."

दादा हसला नाही. त्यानं हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

आता सर तिथंच आहेत. मागच्या रविवारी मी गेलो होतो. ऊन उतरलं नव्हतं, गल्लीत सगळ्या दारांना कुलपं, आमच्या पत्र्यावर एक मादी पिल्लाला पोटाशी धरून बसलेली. निघताना मी दोघांच्या पाया पडलो. सर माझ्या मोटारसायकलच्या टाकीकडं बघत होते, तेव्हा मी घाईनं किक मारली. गल्लीच्या तोंडाशी पोचून मागं बघितलं तर मादी पत्र्यावरून खाली ओट्यावर उतरत होती. मी गाडी थांबवली, परत जावं का म्हणून.

तेवढ्यात आतून कडी घातल्याचा आवाज आला. मग सरांचा.

"आक्का, वर्ग कोणता?"

"सस्तन," आई आतून म्हणाली. "गप पडा आता जरा."